एका वस्तऱ्याची तीन वयं

बाबांच्या मागे मला तीन गोष्टी मिळाल्या: सलून, त्यांचा संताप आणि एक वस्तरा. पहिल्या दोन मी आधीपासूनच चालवत होते. वस्तरा मात्र ते गेल्यावर चार महिन्यांनी सापडला, आणि तो सापडलाच नसता तर किती बरं झालं असतं, असं त्या आठवड्यात मी निदान पन्नास वेळा म्हटलं असेन.

आठवड्याची सुरुवातच काकांच्या मुलीच्या फोनने झाली. तिला मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेलं. म्हणाली, "ताई, बाबांचं शुक्रवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यांनी नाही सांगितलं हं फोन करायला, मीच करतेय. डॉक्टर म्हणतात, वय झालंय, काही सांगता येत नाही. तुम्ही येऊन गेलात तर..." मी म्हटलं, गुरुवारी येते. फोन ठेवला आणि मग भानावर आले. काकांकडे कुणी जायचं नाही हा आमच्या घरातला एकतीस वर्षांचा कायदा होता, आणि तो मोडायची परवानगी कुणाकडे मागायची तर कायदा करणाराच आता नव्हता.

हा कायदा झाला तो एका वस्तऱ्यापायी. आजोबांच्या उस्तादांनी त्यांना दिलेला तो वस्तरा. आजोबा डावखुरे, काकाही डावखुरे, म्हणून जाताना आजोबांनी सलून बाबांना दिलं आणि वस्तरा काकांना. बाबा थोरले. त्यांना ते फार लागलं. आठ दिवसांत वस्तरा नाहीसा झाला आणि बाबांनी भर सलूनमध्ये, गिऱ्हाइकांच्या देखत काकांना विचारलं, "कितीला विकलास? बाटली आली ना तेवढ्यात?" काका तेव्हा थोडी घ्यायचे. ते एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी एक पिशवी घेऊन निघून गेले, दुसऱ्या गावात एका हॉस्पिटलात लागले आणि आयुष्यभर ऑपरेशनआधी पेशंटची छाती-पोटं भादरत राहिले. ज्यांच्या हाताला अख्ख्या बाजारपेठेत तोड नव्हती, ते माझे काका. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

आता घाबरलेली बाई काय करते? साफसफाई करते. मंगळवारी सलूनला सुट्टी असते. आरशामागचं कपाट आवरताना पावडरचा एक जुना डबा हाताला लागला. फेकण्याआधी उघडला. आत तेलाचं फडकं होतं आणि फडक्यात वस्तरा.

वस्तरा हातात धरून मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि एकच हिशोब पुन्हा पुन्हा करत राहिले. हा आजोबांचा असेल, तर काकांनी तो कधी विकलाच नव्हता. काकांनी विकला नसेल, तर तो बाबांच्या डब्यात काय करत होता? म्हणजे माझ्या बापाने सख्ख्या भावाची वस्तू चोरली आणि वर त्यालाच गावाबाहेर काढलं. आणि परवा मला त्या भावाच्या उशाशी जाऊन बसायचं होतं.

मग जरा डोकं चालवलं. या धंद्यात वीस वर्षं काढल्येत मी. आजोबांच्या वस्तऱ्याची मूठ मला पक्की आठवत होती: काळ्या शिंगाची, खालच्या टोकाला टवका उडालेली. ही मूठ साईच्या रंगाची आणि धड. अंगठ्याने घासून घासून गरम केली आणि नाकाला लावली. कापराचा वास आला. म्हणजे सेल्युलॉइड, कारखान्यातला स्वस्त माल. आजोबांचा नव्हेच! मी एकटीच खुर्चीत मोठ्याने हसले.

हसू घरी पोचेपर्यंत टिकलं. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. वस्तरा तिच्यासमोर धरून मी म्हटलं, "हा बघ, बाबांच्या कपाटात मिळाला. कुणाचा गं?"

तिचे हात परातीत थांबले. "कुठलंतरी गंजकं लोखंड," ती म्हणाली. "टाकून दे."

वस्तऱ्यावर गंजाचा ठिपका नव्हता. आणि आईने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

बुधवारी दुपारी मी सलून तासभर बंद ठेवलं आणि धारवाल्या मामांकडे गेले. मामा कुणाचेच मामा नाहीत, पण बाजारातल्या सगळ्या कात्र्या, सुऱ्या आणि वस्तरे पन्नास वर्षं त्यांच्याच हाताखालून गेलेत, म्हणून सगळ्यांचे मामा. आजोबा तेवढे आपल्या वस्तऱ्याला स्वतःच धार लावायचे. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. आत एक चाक, एक दगड, एक भिंग आणि मामा.

"हा कुणाचा आहे ते सांगाल?" मी विचारलं.

"मी वय सांगतो," मामा म्हणाले. "बाप नाही सांगत."

माझी पाचावर धारण बसली होती आणि म्हातारा विनोद करत होता. त्यांनी वस्तरा उघडला, पात्याची मुठीकडची शेपटी फडक्याने पुसली आणि भिंग लावलं. इतका वेळ लावला की शेजारच्या दुकानातली कुलपं माझी मोजून झाली.

"दोन मासे," शेवटी ते म्हणाले. "परदेशी कारखान्याची छाप आहे ही. खाली गावाचं नाव आहे, देशाचं नाही. देशाचं नाव ठोकायची रीत नंतर आली. आणि पातं हे असं जाड, पाचरीसारखं. नंतरची पोकळ घासलेली असतात, गालावरून फिरताना गातात. हे मुकं आहे. शंभरीच्या पुढे गेलंय."

"पण मूठ नवी आहे ना, मामा? सेल्युलॉइडची आहे."

"मूठ म्हणजे अंगातला सदरा. सदऱ्यावरून माणसाचं वय सांगतेस होय? सलून चालवतेस ना तू?"

नेमकी हीच चूक केली होती मी, आणि तीही वीस वर्षांच्या अनुभवाचा तोरा मिरवत.

मामांनी पातं तिरपं धरून उजेडात फिरवलं. "पाठीची झीज बघ. उजव्या हाताने दगडावर ओढणाऱ्याचा जोर या अंगाला पडतो. इथे सगळा त्या अंगाला आहे. डावखुऱ्याचा वस्तरा आहे हा. चांगला सराईत होता. किती वर्षं एकाच हातात होता देव जाणे."

झालं. जुनं पातं, डावा हात. आजोबांचाच. माझा बाप चोर होता. भर दुपारी त्या फटीत मी चाकाला धरून उभी राहिले. मामांनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी पाणी पीत होते तेवढ्यात त्यांनी भिंग मुठीच्या रिव्हेटवर, खिळ्याखालच्या चकत्यांवर नेलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"या पितळी चकत्या माझ्या," ते म्हणाले. "जुन्या कुलपांच्या पत्र्यातून कापायचो मी. ही मूठ मी बसवलीय. तीस वर्षं तरी झाली असतील."

"कुणी आणला होता?" मी विचारलं.

"नाव नाही विचारलं. पण विसरलो नाही. एक बाई होती. शिंगाची काळी मूठ, टोकाला जरासा टवका गेलेला, बाकी झकास. मी म्हटलं, बाई, ही मूठ काढून हे सेल्युलॉइड लावणं म्हणजे पाप आहे. तर म्हणाली, पाप लागू दे, पण वस्तरा ओळखू येता कामा नये. असं गिऱ्हाईक पन्नास वर्षांत एकदाच आलं."

कणकेत थांबलेले हात मला दिसले. मी तिथून निघणारच होते, पण मामांचं झालं नव्हतं. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार हलकेच टेकवली आणि भुवया वर केल्या.

"गंमत आहे. पातं शंभर वर्षांचं, मूठ तीस वर्षांची, आणि धार या वर्षाची. फार तर पाच-सहा महिने. पडून राहिलेली धार हवा खाते, कितीही तेल लाव. आणि वरची ही ताजी झीज बघ. तीही डाव्या हाताचीच, पण डावखुऱ्याची नाही. पुढच्या टोकाशी हात दर वेळी अडखळलाय. उजवा माणूस डाव्या हाताने ओढत होता. वर्षानुवर्षं. असला उद्योग कोण करतं?"

कोण करतं ते मला माहीत होतं. दर मंगळवारी सकाळी बाबा सलूनचं शटर अर्धं ओढून आत एकटे बसायचे. लहानपणी एकदा मी वाकून आत गेले होते. ते दगडावर काहीतरी घासत होते, डाव्या हाताने, अवघडल्यासारखे, जीभ दातात धरून. मी विचारलं, बाबा, डाव्या हाताने का? ते म्हणाले, "या हातालाही गंज चढू नये म्हणून." तेवढ्यावर माझं समाधान झालं. मुलांचं लगेच होतं.

घरी गेले तेव्हा आई पलंगावर बसली होती, जणू माझीच वाट बघत. मी वस्तरा तिच्या मांडीवर ठेवला. "मामांनी ओळखलं," मी म्हटलं. "पात्याला पण आणि तुला पण."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. "ते दोघं भांडत होते," ती म्हणाली. "टेबलावर वस्तरा उघडा पडलेला, आणि दोघांचे हात त्याच्यापासून वीतभर. तुझे बाबा रागाने थरथरत होते, भाऊजी प्यायलेले. मी उचलला आणि पिठाच्या डब्यात खुपसला. एवढंच. सकाळी राग निवला की देऊ म्हटलं. सकाळी मी उठायच्या आत तुझे बाबा सलूनमध्ये जाऊन नको ते बोलून बसले होते. संध्याकाळी सांगते म्हटलं, तर संध्याकाळी भाऊजी गेले होते."

"आणि नंतर? एकतीस वर्षांत तुला एक दिवस सापडला नाही?"

"पहिल्या दिवशी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी, काल का नाही बोलले म्हणून भीती वाटली. मग रोज कालची भीती वाढतच गेली." तिने मुठीवरून बोट फिरवलं. "सासऱ्यांची वस्तू, टाकवेना. मूठ बदलून आणली आणि माझ्या भावाने पाठवला म्हणून तुझ्या बाबांना दिला. त्यांनी घेतला. काही बोलले नाहीत. त्यांना कळलं नाही."

"आई, दगडावर पहिल्यांदा ओढला त्याच दिवशी त्यांना कळलं असणार."

मग मी तिला मंगळवारचं सांगितलं. डाव्या हाताचं सांगितलं. तेव्हा मात्र ती पदरात तोंड घालून अशी रडली की मला तिचा राग धरवेना. सगळा राग फिरून बाबांवर गेला. भावाच्या हाताची धार जपत बसलात, बाबा, दर आठवड्याला, जीभ दातात धरून. आणि दोन ओळींचं पत्र लिहिता आलं नाही? कुणाला वाचवत होतात, बायकोला की स्वतःच्या शब्दाला? मेलेल्या माणसाशी भांडण्यात हाच त्रास असतो, तो गप्प बसून जिंकतो.

गुरुवारी आई माझ्याबरोबर निघाली. मी बोलावलं नव्हतं. वाटभर ती एकच विचारत होती, "वॉर्डात गेल्यावर मी आधी बोलू की तू?" आणि मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देत होते. हॉस्पिटलच्या दारात पहारेकऱ्याने माझी पिशवी उघडली. टॉवेलमधला वस्तरा त्याच्या हाताला लागला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. "दाढीचं सामान आहे," मी म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याने आत हात घातला, फणी काढली, परत टाकली आणि जा म्हणाला.

आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली ती बसलीच. "तू हो पुढे," म्हणाली.

काका खिडकीजवळच्या खाटेवर होते. मला वाटलं होतं त्याच्या निम्मे. त्यांच्या मुलीने, "बाबा, ताई आल्यात," असं सांगितलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पहिला प्रश्न, "दादाला त्रास झाला का गं जाताना?"

"नाही, काका. झोपेतच गेले."

"बरं झालं." मी टॉवेल उलगडला आणि वस्तरा त्यांच्या पांघरुणावर ठेवला.

त्यांनी साईच्या रंगाची मूठ पाहिली आणि त्यांचा चेहरा कोराच राहिला. मग डाव्या हाताने तो उघडला. पातं अंगठ्यावर घेतलं. त्यांनी दोन मासे पाहिले. धार नखावर टेकवली, पुन्हा टेकवली. त्यांच्या खाटेमागच्या यंत्रातला आकडा वाढायला लागला तसं माझ्या मनात आलं, अरे देवा, उद्यापर्यंत थांबायला हवं होतं.

"ही धार दादाची," ते हळूच म्हणाले. "डाव्या हाताने लावलीय. टोकाशी अडखळतो तो. लहानपणी मीच शिकवायला बघत होतो त्याला, जमायचं नाही." मग एकदम माझ्याकडे वळले. "हा त्याच्याकडे कुठून आला?"

"मी घेतला होता, भाऊजी."

आई कधी आत आली ते मला कळलंच नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिने सगळं सांगितलं: टेबल, पिठाचा डबा, मूठ. तिने स्वतःला एका शब्दानेही सोडवलं नाही. मला तिचा इतका अभिमान आणि इतकी लाज एकदम कधी वाटली नव्हती.

काकांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "वहिनी, त्या दिवसांत मला शुद्ध नसायची. एकतीस वर्षं मी धरून चाललो होतो की दादा म्हणतो तेच खरं. मीच विकला असणार. कुणाला विकला ते आठवत नाही, एवढंच. दुकानं पालथी घातली मी. जिथे जाईन तिथे जुन्या बाजारात जाऊन काळ्या मुठीचा वस्तरा शोधायचो. काळ्या मुठीचा."

आई मटकन खालीच बसली. दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी धावत आली. यंत्राने आवाज केला, नर्सबाई आल्या, आम्हाला बाहेर व्हायला सांगितलं. काकांनी वस्तरा मिटून माझ्या हातात कोंबला.

"वहिनी," ते दम खात म्हणाले, "मला तुमचा फार राग आलाय. पण उद्या हे लोक माझी छाती उघडणार, आज रागावून चालायचं नाही. परत आलो की नीट भांडू. आणि तू गं, धार जाऊ देऊ नकोस. आल्यावर माझी मी दाढी करणार आहे."

शुक्रवारी सलून उघडलं, पण एकाही गिऱ्हाइकाला आत घेतलं नाही. आई सकाळपासून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून होती, पाय जमिनीला न पोचणारे, नजर फोनवर. सकाळी आठला त्यांना आत नेलं होतं. चार तास म्हणाले होते. बाराचा एक झाला, एकचा दोन. आईने विचारलं, "फोन चालू आहे ना?" मी दाखवलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाखवलं.

शेवटी मी दगड काढला, ओला केला आणि वस्तरा डाव्या हातात घेतला. किती अवघड असतं ते सांगते. मनगट उलटं चालतं, पाठ दुखते आणि पुढच्या टोकाशी हात हमखास अडखळतो. तिथेच, बाबांचा अडखळायचा नेमका तिथेच. मला त्यांचा राग येत होता आणि माझी जीभ आपोआप दातात गेली होती.

अडीचला फोन वाजला. आईने कानांवर हात ठेवले. मी वस्तरा पुसून मिटला आणि मगच फोन उचलला. तेवढा एक क्षण मला हवा होता.

"ताई," काकांची मुलगी रडत होती की हसत होती ते कळेना. "शुद्धीवर आलेत. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालंय. पण काहीतरी बरळताहेत हो. भांडायचंय म्हणतात. कुणाशी ते सांगत नाहीत."

मी आईला सांगितलं. ती खुर्चीतून उतरली, आरशात बघून केस नीट केले, पदर खोचला आणि खुर्चीखाली वाकून बघू लागली.

"काय शोधतेस?"

"चपला," ती म्हणाली. "चल ना लवकर. ते वाट बघताहेत."